कोकणातल्या दमट हवेत बिअर्डेड ड्रॅगनची पेटी कशी करावी?

सड्यावरची | १२ मे

नमस्कार मंडळी. भाचा शिकायला परदेशी गेला आणि जाताना त्याचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव परदेशी सरडा, आमच्याकडे ठेवून गेला. नाव बंड्या. वय दीड वर्ष, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड फुटाला जरासा कमी. आधी घरात "हा सरडा इथे नको" असं झालं, आता सासूबाई सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघतात. आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. समुद्र दिसत नाही, पण खारा वारा येतो.

बंड्याबरोबर आलेलं सामान असं: माशांची दोन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, पिळाचा एक "यूव्ही" दिवा, रात्रीसाठी एक लाल दिवा, तळाला कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि प्लास्टिकची गुहा. पुण्यात ह्यावर निभत होतं म्हणे. इथे कोकोपीट कोरडं राहतच नाही. सकाळी काचेला आतून घाम असतो आणि दुपारी टाकीत हात घातला की चटका बसल्यासारखं वाटतं.

पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी नवी पेटी करून घ्यायची आहे. सुतार घरचाच म्हणावा इतका ओळखीचा आहे. माप किती धरू, लाकूड कुठलं, दिवे कुठले, आणि मुख्य म्हणजे जुलैतल्या ओलीचं काय करू? इंग्रजी व्हिडिओ पाहिले, पण ती मंडळी थंडीत प्राण्याला उबेला कसं ठेवायचं ह्याच काळजीत असतात.

---

तिसरा_डोळा | १२ मे

ताई, आधी एक सांगतो. दोन फुटी टाकी ह्या वयाच्या प्राण्याला अपुरीच. पूर्ण वाढलेल्या बिअर्डेड ड्रॅगनला किमान ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच पेटी लागते. हौस म्हणून सांगत नाही. ह्या प्राण्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. गरम जागी जायचं, अंग तापलं की गार जागी यायचं, असं तो दिवसभर करतो. दोन फुटांत एक दिवा लावला की सगळी टाकीच गरम. मग त्याने जायचं कुठे?

आकडे लिहून ठेवा. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश. पेटीच्या दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २८. रात्री २०-२२ पर्यंत उतरली तरी चालते, उलट उतरलेली बरी. हे मोजायला काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले थर्मामीटर घेऊ नका. दगडासाठी इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान दाखवणारी) आणि हवेसाठी दोन्ही टोकांना प्रोबवाले, म्हणजे तारेच्या टोकाने मोजणारे, डिजिटल मीटर.

तो पिळाचा दिवा काढून टाका. यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग) हवं ते लांब नळीतून: टी५ हाय आउटपुट, १० किंवा १२ टक्केवाली, पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त भाग झाकेल अशी. म्हणजे ४ फुटी पेटीला साधारण ३ फुटी, ३९ वॅटची. यूव्हीबीशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, हात थरथरतात. हे फार पाहिलंय. नळी आतून बसवली तर पाठीपासून ३५ ते ४० सेंमीवर, जाळीच्या वर ठेवली तर २५-३० सेंमीवर, कारण जाळी यूव्हीचा तिसरा हिस्सा तरी खाते. काचेतून तर यूव्हीबी जवळपास येतच नाही, त्यामुळे "खिडकीत ठेवतो, ऊन मिळतं" ह्याला अर्थ नाही. नळी पेटलेली दिसते म्हणून चालू आहे असं समजू नका, वर्षाने बदलायचीच.

लाल दिवाही नको. त्याला लाल रंग दिसतो. शिवाय डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो प्रकाश ओळखणारा तिसरा डोळाच आहे (माझं नाव तिथूनच). रात्री संपूर्ण अंधार.

---

बांगडा_तिखलं | १२ मे

अगो बाय, आमच्या कुंपणार रोज धा सरडे मान हलयत बसतत, तेंका कोण इचारणा नाय आणि ह्या पावण्याक चार फुटी बंगलो!

---

तिसरा_डोळा | १३ मे

@बांगडा_तिखलं, गंमत म्हणजे कुंपणावरचा तो आणि हा एकाच कुळातले, अगॅमिडी. मान हलवण्याची खोड दोघांनाही. फरक मुलखाचा. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, तुमचा तो कोकणातला. तुमच्या सरड्याला बंगला नको, ह्याला मात्र कोकणात बंगल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, तेव्हा आपल्याकडे दिसतात ते सगळे पिंजऱ्यातच पैदास झालेले.

ताई, दमटपणा ३० ते ४० टक्के ठेवायचा, हे राहिलं सांगायचं.

---

पडवीत_पाय_पसरून | १३ मे

३० ते ४० टक्के. वाचून हसू आलं, राग मानू नका. मी वेंगुर्ल्याला राहतो. जुलैत आमच्याकडे मीठ बरणीत राहत नाही, आगपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात. तिथे खोलीत ८५-९० टक्के असताना पेटीत ३५ आणायचे म्हणजे काय करायचं? पुण्याचे आकडे इथे आणून जीव घाबरा करून घेऊ नका, ताई. माझ्याकडे दोन ड्रॅगन आहेत, अनेक पावसाळे काढलेत त्यांनी. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. आर्द्रतेची टक्केवारी ही तापमानाशी बांधलेली असते. हवेत पाणी तेवढंच राहिलं आणि हवा तापली की टक्का उतरतो. हिशेब बघा: बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के असेल, तर तीच हवा ३५ अंशांला नेली की ५४ टक्के होते. ४० ला नेली की ४१. म्हणजे दिव्याखाली तुमचा बंड्या आपोआप कोरड्या हवेत बसलेला असतो. गार टोकाला मीटर ८० दाखवेल. दाखवू दे. फक्त त्याला दिवसाचे दहा-बारा तास त्या कोरड्या, गरम जागी हवं तेव्हा जाऊन बसता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. परदेशी पेट्या ऊब कोंडून ठेवण्यासाठी केलेल्या असतात. तीन बाजू बंद, मागे दोन लहानशी भोकं. तिकडे खोली १८ अंशांवर असते, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे तीच पेटी केली की मे महिन्यात प्राणी शिजतो आणि जुलैत कुजतो. आपल्याला पेटी हवी ती खेळत्या हवेची. गार टोकाला खाली, जमिनीलगत जाळी. गरम टोकाला वर, छताला जाळी. दिव्याने तापलेली हवा वरून निघून जाते, तिच्या जागी खालून नवी येते. कोंदटपणा राहत नाही. पंखा बसवायचाच असेल तर संगणकातला १२ व्होल्टचा छोटा, वरच्या जाळीवर, हवा बाहेर फेकणारा. आत फुंकणारा नको, गार झोत अंगावर येतो.

कोकोपीट आजच फेका. ते नर्सरीवाले वापरतात कशाला? पाणी धरून ठेवायला.

---

सड्यावरची | १३ मे

हे वाचून जीवात जीव आला. मग लाकूड? सुतार म्हणतो एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्तात पडेल, गुळगुळीत होईल. आणि तळाला घालायला भाट्याच्या किनाऱ्यावरून स्वच्छ वाळू आणली तर? वाळवंटातलाच ना तो?

---

पडवीत_पाय_पसरून | १३ मे

एमडीएफ एका पावसाळ्यात पावासारखं फुगतं. मरीन प्लाय घ्या, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तो. कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. आतून लॅमिनेट, सांध्यांना सिलिकॉन, आणि सगळं लावून झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उन्हात उघडी ठेवा. मे महिना आहे, लवकर जाईल. पुढे सरकत्या काचा. जाळी स्टेनलेस स्टीलची. साधी लोखंडी खाऱ्या वाऱ्याने गंजते, आणि मच्छरदाणीची नायलॉन जाळी दिव्याजवळ वितळते, रातकिडे तीच कुरतडून बाहेरही पडतात.

वाळू नको. एक तर ती किनाऱ्यावरची, खारट आणि शिंपल्यांच्या बारीक धारदार तुकड्यांची. खारट वस्तू हवेतलं पाणी ओढते, म्हणजे ती आपण होऊन ओली होणार. दुसरं, किडा पकडताना तोंडात वाळू जाते. आणि तो काही वाळूच्या टेकड्यांवर राहणारा प्राणी नाही. कडक माती, झुडपं, ओंडके, शेताच्या कुंपणाचे खांब, ह्यांवर चढून बसणारा आहे. पेटीत फांद्या आडव्या-तिरक्या द्या. पेरूची फांदी उत्तम, सुरूचीही चालते, दोन्ही कडकडीत वाळवून. फणस, आंबा, काजू नको, चीक असतो.

---

तिसरा_डोळा | १४ मे

वाळूबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. धुतलेली नदीची बारीक वाळू आणि माती एकत्र करून, दाबून कडक केलेला तळ निरोगी, मोठ्या प्राण्याला चालतो. त्याला खणायला मिळतं, नखं झिजतात. आतडं तुंबण्याचं खरं कारण बऱ्याचदा वाळू नसतं. ऊब कमी पडून पचन मंदावलेलं असतं किंवा अंगात पाणी कमी असतं. सरसकट वाळूला शिव्या घालू नयेत.

---

पडवीत_पाय_पसरून | १४ मे

पुण्यात करा की. इथे मातीचा तळ जूनच्या अखेरीस पांढरा झालेला दाखवतो तुम्हाला, केसाळ. कोकणात फरशी. खरखरीत शहाबादी किंवा कडप्पा, गुळगुळीत टाइल नको, पाय घसरतात. खणायची हौस असेल तर एका कोपऱ्यात मातीचं घमेलं ठेवा, पण पावसाळाभर, ऑक्टोबर येईपर्यंत, ते बाहेर काढून ठेवा.

---

सड्यावरची | १४ मे

दिव्याखाली चिऱ्याचा तुकडा ठेवला तर? अंगणात रास पडलीय.

---

पडवीत_पाय_पसरून | १४ मे

चिरा मला फार आवडतो त्या जागी. खरखरीत, पकड मिळते, नखं झिजतात, ऊब बराच वेळ धरतो. एक अडचण आहे. जांभा भोकाभोकांचा, विष्ठा आणि पाणी पिऊन टाकतो, लाल भुकटीही पडते. म्हणून दोन तुकडे ठेवा, सारख्या मापाचे. एक आत, एक उन्हात. पावसाळ्यात दुसरा चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागे वाळत टाका. तुकडा घट्ट बसतोय ना ते बघा, फांद्यांवर डुगडुगता रचू नका. अंगावर पडला तर बरगड्या जातील. आणि त्याला दिव्याच्या इतकं जवळ उचलू नका की पाठ भाजेल. हे प्राणी पाठ भाजेपर्यंत हलत नाहीत.

बाजारात विजेवर तापणारे "हीट रॉक" मिळतात, ते कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्याला ऊब वरून कळते, पोटाखाली भाजतंय हे वेळेवर कळत नाही.

---

फ्यूज_उडाला | १५ मे

वायरिंगवर मी लिहितो, पोटापाण्याचा धंदा आहे. होल्डर सिरॅमिकचा घ्या. प्लास्टिकचा तापून ठिसूळ होतो. खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट हिरवे-काळे पडतात, दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून पुसून घ्या. वायर पेटीत शिरते तिथे खाली एक लोंबता वेटोळा ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळतं. कौलारू घरात हे हवंच, पागोळी कधी कुठून येईल सांगता येत नाही. पेटीची लाइन आरसीसीबीच्या (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) मागे असू दे.

दगड तापवणाऱ्या हॅलोजन दिव्याला डिमिंग थर्मोस्टॅट घ्या, म्हणजे तापमान बघून दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा; फटफट चालू-बंद करणारा नको. प्रोब दगडाजवळ, पण त्याला ओढता येणार नाही असा बांधून.

बिलाचं म्हणाल तर ३९ वॅटची नळी आणि ६० वॅटचा हॅलोजन १२ तास धरले तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत. वादळात दोन-दोन दिवस लाइट जाते तेव्हा मात्र इन्व्हर्टरवर फक्त हॅलोजन सकाळी दोन-तीन तास चालवा. यूव्ही नळी दोन दिवस नसली तर बिघडत नाही.

---

गोठा_ते_गच्ची | १५ मे

मी पशुवैद्य. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण सरपटणाऱ्यांची आवड आहे. वरच्या वादात थोडी भर.

आर्द्रतेने फुप्फुसाचा आजार होतो असं सरसकट म्हणतात. नुसत्या दमटपणाने क्वचितच होतो. दमट आणि गार, दमट आणि कोंदट, किंवा दमट आणि घाण, अशी जोडी जमली की होतो. ऊब पूर्ण मिळाली की प्राण्याची प्रतिकारशक्ती चालते. त्यामुळे पडवीवाल्या दादांचा मुद्दा पटतो. पण लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो. दिव्याखाली तोंड उघडून बसणं हे उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतं, घाबरू नका. तेच गार टोकाला किंवा सकाळी दिवा लागण्याआधी तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, श्वासाला टकटक आवाज, असं काही दिसलं तर वाट बघू नका. पोटाची त्वचाही आठवड्यातून एकदा पाहा. पिवळसर, खपलीसारखे डाग ओल्या तळावर राहिल्याने पडतात, आणि काही बुरशी ह्या प्राण्यात फार आतपर्यंत जातात.

घरचा उपाय म्हणून विक्स, निलगिरीची वाफ असलं काही करू नका. प्रतिजैविकही मनाने नाही. जवळ जाणकार नसेल तर मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (जनावरांचा दवाखाना) किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघतात का, कोण बघतं, ते विचारून मगच निघा. प्रवासात डबा हवेशीर आणि अंधारा.

प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. दिसायला ठणठणीत असला तरी साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू) त्याच्या विष्ठेत असू शकतो. त्याची भांडी मोरीत, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. लहान मुलं आणि सासूबाईंनी विशेष काळजी घ्यावी.

---

बांगडा_तिखलं | १५ मे

पेटयेत कळीचो चुनो ठेवा वाटीत. आमच्या आज्येन पापडाच्या डब्यार असोच ठेवलेलो, पापड कुरकुरीत.

---

गोठा_ते_गच्ची | १५ मे

नको हो. कळीचा चुना ओला झाला की तापतो आणि भाजतो. त्याची जीभ सगळीकडे फिरते, डोळ्यात-तोंडात गेलं तर संपलं. पापडाचा डबा बंद असतो म्हणून तिथे चुना काम करतो. उघड्या जाळीच्या पेटीत चुना काय, सिलिका जेल काय, सगळ्या रत्नागिरीची हवा वाळवायला निघाल्यासारखं होईल.

---

पडवीत_पाय_पसरून | १६ मे

तेच डीह्युमिडिफायरचं (हवेतली ओल काढणारं यंत्र). स्लॅबचं घर, दारं-खिडक्या बंद होणारी लहान खोली असेल तर तो चांगलं काम करतो, एसी असेल तर ड्राय मोडही. कौलारू घरात मात्र पैसे पाण्यात, कौलांतून हवा येत-जात असते. माळा असलेली खोली असेल तर पेटी तिथे ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे. पावसाकडच्या भिंतीला लावून नकोच, चिरा पाणी ओढतो.

रात्रीसाठी, फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, मी सिरॅमिक एमिटर (नुसती ऊब देणारा) २८ अंशांवर लावतो. प्रकाश नसतो त्याला. बाहेर २५ आणि ९५ टक्के असताना तीन अंशांनी हवा ८० टक्क्यांवर येते. मोठा फरक नाही, पण काचेला घाम धरत नाही.

पाण्याची वाटी लहान, गार टोकाला, आणि सकाळी तासभर ठेवून काढून घेतली तरी चालते. पालाच ओला करून द्या, त्यातून पाणी पोटात जातं.

---

सड्यावरची | १७ मे

आता खाण्याचं. भाचा फ्लॉवरची पानं आणि गाजर देत होता. इथे परसात शेवगा, अळू, लाल माठ, भोपळ्याचा वेल, जास्वंद, तोंडली आहे. आणि किडे बाहेरून धरून दिले तर? हापूसच्या बागेत रात्री दिव्यावर ढिगाने येतात.

---

तिसरा_डोळा | १७ मे

परसात शेवगा असताना गाजर कशाला? शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, तो रोजच्या ताटात. त्याबरोबर भोपळ्याची पानं-फुलं, किसलेला भोपळा किंवा दुधी, थोडी कोथिंबीर, जास्वंदीचं फूल. बंड्या ते लाल फूल बघूनच धावेल. मोठ्या ड्रॅगनच्या ताटात पाच हिश्शांतले चार हिस्से पाला आणि एक हिस्सा किडे, आठवड्यातून दोन-तीनदा. लहान पिल्लांचं उलट, त्यांना रोज किडे.

अळू अजिबात नाही. माणसाचा घसा खाजतो तो चिंच घालून शिजवल्यावर थांबतो, बंड्या तर कच्चं खाणार. माठ, पालक, मायाळू क्वचित, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. कांदा-लसूण नाही, अ‍ॅव्होकॅडो नाही. हापूसची एखादी बारीक फोड कधीतरी लाड म्हणून. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची, फॉस्फरस नसलेली.

---

पडवीत_पाय_पसरून | १७ मे

बागेतले किडे कधीच नाहीत. मोहोराच्या दिवसांपासून तुडतुड्यांवर फवारण्या चाललेल्या असतात, आणि फवारा वाऱ्याने शेजारच्या परसातही जातो. शेवगा बागेला लागून असेल तर पाला घ्यायच्या आधी शेजाऱ्याला विचारा, कधी मारलंय.

आणि काजवे! हे मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर चिकटवा. आता मेच्या शेवटाला काजवे येतील, खिडकीतून घरात शिरतात. अमेरिकेत पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन काजवा खाऊन काही तासांत मेल्याच्या नोंदी १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकात आल्या होत्या. काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, भेकाच्या विषाच्या जातकुळीतलं. आपल्याकडचे पक्षी, सरडे असला किडा ओळखून थुंकून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातल्या ह्या बाबाला तो कधी भेटलेलाच नाही, चमकतंय म्हणून गिळतो. एक पुरे होतो. संध्याकाळी पेटी काजवे येत नाहीत अशा खोलीत, आणि वरच्या जाळीची छिद्रं बारीक.

किडे विकतचे किंवा घरी वाढवलेले. पावसात कुरिअर रखडतं, तेव्हा सुपरवर्मचा डबा घरी असू द्या. गव्हाच्या कोंड्यात वाढतात, पण कोंड्याला बुरशी लागते, दर आठवड्याला चाळून तव्यावर कोरडा केलेला नवा घाला. रातकिडे खाऊन उरले तर रात्री पेटीत ठेवू नका, झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.

---

फ्यूज_उडाला | १८ मे

मुंग्यांचं कोणी बोललं नाही. पेटीखाली टेबल, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आईच्या पिठाच्या डब्यांची जुनी रीत. मुंग्यांचा खडू, मच्छर कॉइल, लिक्विड मशीन हे त्या खोलीत नको.

---

नवाकोरा | २ जून

सगळं वाचलं. एवढा खर्च करण्यापेक्षा आमच्या बागेत घोरपडीचं पिल्लू आहे, तेच पाळलं तर? इथल्या हवेचंच आहे.

---

गोठा_ते_गच्ची | २ जून

बेडी पडेल. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या पंक्तीत. धरणं, ठेवणं, दोन्ही गुन्हा. बागेत आहे तर राहू दे, उंदीर खाते.

परदेशी प्राण्यांसाठीही मोकळं रान नाही. २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्या अनुसूची ४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती आहेत आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. यादी बदलत असते, म्हणून कुठलाही प्राणी घेताना त्या दिवशीची यादी बघा, वनखात्याच्या कार्यालयात विचारा आणि विकणाऱ्याकडून पावती घ्या. सड्यावरच्या ताई, भाच्याकडची पावती मागवून ठेवा. आणि कंटाळा आला म्हणून असला प्राणी कोणी रानात सोडू नका.

---

सड्यावरची | १९ जुलै

पेटी झाली. मरीन प्लाय, चार बाय दोन बाय दोन, उजवीकडे वर जाळी, डावीकडे खाली जाळी. तीन फुटी नळी आतून बसवलीय. तळाला कडप्पा, दिव्याखाली चिरा, दुसरा चिरा फ्रिजमागे. पावती आली भाच्याकडून.

काल दुपारी, बाहेर धो-धो पाऊस. खोलीत २७ अंश, ८८ टक्के. पेटीच्या गार टोकाला २८ आणि ८२. गरम टोकाची हवा ३५, तिथे ५६. चिऱ्याचा पृष्ठभाग ४१. पडवीवाल्या दादांचा हिशेब बरोबर उतरला. बंड्या सकाळी दिवा लागला की चिऱ्यावर पसरतो, चपटा होऊन. अंग तापलं की पेरूच्या फांदीवर. काजव्यांच्या दिवसांत खिडकीला दुहेरी जाळी लावली होती. कात टाकली, बोटांवर अडकली नाही. सासूबाई जास्वंद देवाच्या आधी त्याला देतात, ह्यावरून घरात वाद सुरू आहे.

दोन प्रश्न. येत्या एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४ वर जाते, तेव्हा दिवा लावायचा की नाही? आणि गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतात, वीसेक माणसं, आरत्या, धूप.

---

तिसरा_डोळा | १९ जुलै

अभिनंदन. यूव्ही नळी बारा तास चालूच. हॅलोजन उन्हाळ्यात कमी वॅटचा, ३५ चा वगैरे, आणि सकाळी तीन-चार तासच. दुपारी बंद. गार टोक ३२ च्या वर जाऊ लागलं तर पेटीतून काढून ओल्या फरशीवर नाही, कोरड्या गार फरशीवर ठेवा. खोलीचा पंखा चालू, झोत थेट नको. बाहेर उन्हात न्यायचं असेल तर सकाळचं, जाळीच्या पिंजऱ्यात अर्धी सावली करून, आणि तिथून हलायचं नाही. कोकणात वर घार, खाली मुंगूस आणि मांजर, डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळ आटोपतो.

---

पडवीत_पाय_पसरून | २० जुलै

गणपतीत पेटी माजघरातून हलवा. आतल्या खोलीत, दार लावून. धूप-उदबत्ती-फटाक्यांचा धूर त्याच्या फुप्फुसाला सोसत नाही. हलवायची ती आठवडाभर आधी, आदल्या दिवशी नव्हे. नवी जागा, नवी माणसं एकदम आली की दाढी काळी करून बसतात आणि खाणं सोडतात. मुलांना दाखवायचा असेल तर दिवसातून एकदा, दोन-दोन जण. आणि दिव्यांचं टायमर कोणाच्या हाती लागणार नाही असं ठेवा. आमच्याकडे चाकरमानी मोबाइल चार्ज करायला पहिलं तेच काढतात.

---

बांगडा_तिखलं | २० जुलै

ताई, सुताराक किती दिलास? माका पण एक पेटी करूची आसा. सरड्याक न्हय, पापडाक.

---

सड्यावरची | २० जुलै

😄 व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. खालच्या जाळीचं माप विचारलं होतं कोणीतरी व्यनित, ते इथेच लिहिते: दीड फूट लांब, चार इंच उंच, तळापासून दोन इंच वर, म्हणजे कडप्पा पुसताना पाणी बाहेर येत नाही. वरची दोन फूट बाय एक फूट. दोन्हींना स्क्रूने बसवलेली चौकट आहे, जाळी काढून धुता येते.